निगेटिव्हचे वाचन आणि कागदावरील लेखन : घरगुती स्कॅनर व प्रिंटर यांच्या निवडीचा इतिहास

फिल्मवर छायाचित्रे घेणाऱ्या हौशी छायाचित्रकारापुढे आज जो प्रश्न उभा राहतो तो वरवर पाहता केवळ खरेदीचा आहे : घरी कोणता स्कॅनर ठेवावा आणि कोणता प्रिंटर घ्यावा? परंतु प्रश्नाकडे जरा बारकाईने पाहिले म्हणजे त्यात एक चमत्कारिक विषमता आढळते. प्रिंटर निवडावयाचा तर २०२० नंतर निघालेली यंत्रे समोर येतात. स्कॅनर निवडावयाचा तर मात्र ज्यांचे उत्पादन २०१० च्या सुमारास थांबले, अशा यंत्रांची नावे जाणकार आजही प्रथम घेतात. एकाच छायाचित्राच्या सेवेसाठी जन्मास आलेल्या या दोन यंत्रांचे भाग्य इतके भिन्न का झाले, याचा उलगडा इतिहासातच होतो. आणि तो झाल्यावाचून निवडीचा प्रश्नही नीट मांडता येत नाही.

डार्करूमच्या काळात हा प्रश्न या स्वरूपात अस्तित्वातच नव्हता. एन्लार्जर हे एकच साधन निगेटिव्ह वाचीत असे आणि तेच कागदावर लिहीतही असे. दिव्याचा प्रकाश फिल्ममधून जाई, भिंगातून विस्तार पावे आणि चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पडे. कागद कोणत्या प्रतीचा घ्यावा, प्रकाश किती सेकंद द्यावा, कोणता भाग हाताच्या सावलीने झाकावा, हे निर्णय छायाचित्रकाराचे असत. परंतु वाचन आणि लेखन या दोन क्रिया एकाच प्रकाशझोतात, एकाच वेळी घडत. स्कॅनर आणि प्रिंटर आले तेव्हा या एका क्रियेची दोन शकले झाली व त्यांच्यामध्ये संख्यांची एक फाईल येऊन बसली. स्कॅनरने जे वाचले नाही ते प्रिंटर कितीही कुशल असला तरी त्याला लिहिता येत नाही, ही साधी गोष्ट पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

वाचनयंत्राचा आरंभ १९५७ सालचा मानण्यास हरकत नाही. अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श व त्यांचे सहकारी यांनी फिरत्या ड्रमवर छायाचित्र बसवून त्याचे संख्यांत रूपांतर करणारे यंत्र सिद्ध केले. कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे सुमारे पाच सेंटिमीटर लांबीरुंदीचे छायाचित्र त्यावर वाचले गेले. त्या प्रतिमेच्या प्रत्येक बाजूस १७६ बिंदू होते. ड्रमची रचना छापखान्यांतील रंगविभाजनाच्या यंत्रांतही रूढ झाली. परंतु ती यंत्रे अवजड, महाग आणि कुशल कारागिराच्या हातची होती. घरगुती वाचनयंत्राचा मार्ग मोकळा झाला तो १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावलेल्या सीसीडीच्या शोधामुळे. या शोधाबद्दल त्या दोघांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सीसीडीची एक अरुंद पट्टी फिल्मवरून सरकत नेली की ओळीमागून ओळ वाचली जाते. घरगुती स्कॅनरचे बव्हंशी सर्व प्रकार याच तत्त्वावर उभे आहेत.

निकॉनने १९८८ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मसाठी एलएस-३५०० हा स्कॅनर आणला; तथापि तो घरासाठी नव्हता. १९९२ मध्ये कोडॅकने फोटो सीडी ही योजना बाजारात आणली. तिच्यात फिल्मचे वाचन प्रयोगशाळेने करावयाचे आणि ग्राहकाने तबकडी घरी न्यावयाची, अशी वाटणी होती. फोटो सीडीवरील ३५ मिलिमीटर चौकटीची नेहमीची सर्वांत मोठी प्रतिमा २०४८ गुणिले ३०७२ बिंदूंची, म्हणजे सुमारे ६३ लाख बिंदूंची असे. ही योजना फार काळ टिकली नाही. परंतु वाचन परक्या हाती सोपवावे की स्वतःच्या, हा प्रश्न तिने प्रथम स्पष्टपणे पुढे आणला.

लेखनयंत्राची कथा वेगळ्या दिशेने वाढली. शाईचे थेंब उडवून कागदावर खूण करण्याचे दोन मुख्य मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात रूढ झाले. शाई क्षणभर तापवून निर्माण होणाऱ्या बुडबुड्याने थेंब ढकलण्याची युक्ती कॅनन आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे हस्तगत केली. विजेने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या स्फटिकाने थेंब उडविण्याची युक्ती एप्सनने वाढविली. ही यंत्रे प्रथम अक्षरे छापण्यासाठी होती. छायाचित्राशी त्यांची गाठ पडली ती आडवाटेने. मॅसॅच्युसेट्समधील आयरिस कंपनीचा ३०४७ हा मोठा प्रिंटर छापखान्यांत मुद्रणापूर्वीचे नमुने काढण्यासाठी बनविलेला होता. गायक आणि छायाचित्रकार ग्रॅहॅम नॅश यांनी असे एक यंत्र सुमारे सव्वा लाख डॉलरना घेतले व १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे मॅक होल्बर्ट यांच्यासह नॅश एडिशन्स ही मुद्रणशाळा उघडली. ते यंत्र आज वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

याच शाळेत काम करणाऱ्या जॅक ड्युगेन यांनी १९९१ मध्ये या मुद्रणास ‘जिक्ले’ हे नाव दिले. फ्रेंचमधील शिंपडणे, फवारणे या अर्थाच्या धातूवरून ते साधलेले आहे. शब्दाचा अर्थ ‘फवारलेले’ एवढाच. परंतु ‘इंकजेट’ या शब्दास कचेरीचा जो वास होता तो कलादालनात नको, म्हणून हा शब्द आला. नावे बदलण्याची ही प्रवृत्ती या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते, आणि ग्राहकाला तिची किंमत मोजावी लागते.

घरगुती प्रिंटर छायाचित्रास योग्य ठरले ते नव्वदीच्या दशकात. १९९४ च्या एप्सन स्टायलस कलर या यंत्राने इंचास ७२० थेंबांची मर्यादा गाठली. १९९६ मध्ये फिकट निळसर व फिकट किरमिजी अशा दोन जादा शायांची भर पडून सहा शायांचा स्टायलस फोटो निघाला. फिकट छटांतील ठिपके डोळ्यांस दिसेनासे झाले, आणि चित्र दिसावयास छायाचित्रासारखे झाले. दिसण्याचा प्रश्न असा सुटला; टिकण्याचा मात्र उरला. हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ साली रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करून या प्रश्नास शास्त्रीय अधिष्ठान दिले होते. परंतु त्या काळच्या कसोट्यांचा मुख्य रोख प्रकाशावर होता. २००० मध्ये एप्सनच्या ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर, विशिष्ट चकचकीत कागदावर काढलेली अनेक चित्रे अल्पावधीत नारिंगी पडू लागली. दोष प्रकाशाचा नव्हता. कागदाच्या सूक्ष्म छिद्रांत हवा खेळत होती, आणि हवेतील ओझोन निळसर रंगद्रव्य नष्ट करीत होता. ज्या शत्रूची कसोटी घेतलीच नव्हती त्याच शत्रूने घात केला, असा हा प्रसंग आहे.

त्याच वर्षी एप्सनने २०००पी हा रंजककणांची, म्हणजे पिगमेंटची शाई वापरणारा प्रिंटर आणला. विरघळलेल्या रंगाऐवजी घन कण वापरल्याने चित्र टिकाऊ झाले. परंतु दिव्याखाली ठीक दिसणारी राखाडी छटा दिवसाच्या उजेडात हिरवट दिसे. हा दोष कमी झाला तो २००२ मधील अल्ट्राक्रोम शाई आणि फिकट काळी शाई यांमुळे. आणि २००५ मध्ये काळ्या शाईच्या तीन छटा एकत्र आल्यावर कृष्णधवल चित्रे घरी काढणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. २००६ मध्ये कॅनन व ह्यूलेट-पॅकार्ड याच क्षेत्रात उतरले. २०२० मध्ये एप्सनचे पी७०० व पी९०० आणि कॅननचे प्रो-२०० व प्रो-३०० बाजारात आले. येणेप्रमाणे लेखनयंत्राची सुधारणा तीन दशके अखंड चालू राहिली.

वाचनयंत्राचे तसे झाले नाही. त्याचा उत्कर्षकाळ जेमतेम दशकभराचा आहे. १९९८ मध्ये निकॉनच्या एलएस-२००० या स्कॅनरमध्ये डिजिटल आइस ही योजना आली. टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील अप्लाइड सायन्स फिक्शन या संस्थेने ती विकसित केली होती. तिचे तत्त्व सुंदर आहे. रंगीत फिल्ममधील रंग अवरक्त किरणांस जवळजवळ पारदर्शक असतात. धूळ व ओरखडे मात्र त्यांस अडवितात. म्हणून अवरक्त किरणांनी वेगळे वाचन केले की केवळ दोषांचा नकाशा हाती येतो, आणि त्यावरून चित्र दुरुस्त करता येते. कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र हे किरण स्वतःच अडविते. तेथे ही युक्ती निरुपयोगी ठरते. २००३-०४ मध्ये निकॉनची कूलस्कॅन ५, ५००० व ९००० ही यंत्रे आली आणि घरगुती फिल्म-वाचनाने आपले शिखर गाठले.

त्यानंतर उतार सुरू झाला आणि तो वेगाने संपलाही. जानेवारी २००६ मध्ये निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टाने कॅमेरा व छायाचित्रण व्यवसायातून अंग काढून घेतले, आणि तिचे नावाजलेले फिल्म स्कॅनरही त्याबरोबर गेले. २०१० च्या सुमारास कूलस्कॅन मालिका संपली. उरले ते प्लस्टेकसारख्या कंपन्यांचे लहान स्कॅनर आणि सपाट काचेचे स्कॅनर. त्यांपैकी एप्सनचा व्ही७०० हा २००६ चा. त्याचा उत्तराधिकारी व्ही८५० हा २०१४ मध्ये आला, आणि त्यातील मुख्य बदल दिव्याचा व फिल्म धरणाऱ्या पट्ट्यांचा होता.

या विषमतेचे कारण तांत्रिक नाही; ते व्यापारी आहे. प्रिंटर विकला म्हणजे व्यवहार संपत नाही, तो सुरू होतो. शाई आणि कागद वर्षानुवर्षे विकत घ्यावे लागतात. शिवाय डिजिटल कॅमेरा आल्यावर प्रिंटरचे ग्राहक घटले नाहीत, उलट वाढले. स्कॅनर मात्र एकदाच विकला जातो. त्याला शाई लागत नाही, आणि ज्याचे फिल्मशी नाते तुटले त्याला स्कॅनरही लागत नाही. म्हणून भांडवल लेखनाकडे वाहत गेले आणि वाचन पोरके झाले. पुढे २०१७ मध्ये कोडॅकने एक्टाक्रोम फिल्म परत आणण्याची घोषणा केली व २०१८ मध्ये ती विक्रीस आली. फिल्मचे पुनरुज्जीवन झाले, पण कूलस्कॅन परतले नाहीत. जुनी यंत्रे चालू राहिली याचे बरेच श्रेय १९९८ पासून उपलब्ध असलेल्या व्ह्यूस्कॅन या आज्ञावलीस द्यावे लागते. उत्पादकांनी ज्यांची जबाबदारी सोडली, अशी असंख्य यंत्रे तिने नव्या संगणकांशी बोलती ठेवली.

या पोरकेपणावर संख्यांचे पांघरूण पडले, आणि येथे शब्दांची चिकित्सा आवश्यक ठरते. ‘डीपीआय’ म्हणजे इंचातील बिंदू. हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो : स्कॅनर फिल्मच्या एका इंचात किती ठिकाणी प्रकाश मोजतो, फाईलमधील किती बिंदू कागदाच्या एका इंचात बसतात, आणि प्रिंटर त्या इंचात शाईचे किती थेंब टाकू शकतो. प्रिंटरच्या थेंबांचा आकडा हजारांत असतो, कारण एका बिंदूची छटा साधण्यास अनेक थेंब लागतात. फाईलला मात्र इंचास सुमारे ३०० बिंदू पुरतात. स्कॅनरच्या बाबतीत तर आणखी एक भेद आहे. तो किती ठिकाणी मोजतो आणि त्यातून किती तपशील खरोखर वेगळा ओळखू येतो, या दोन वेगळ्या बाबी आहेत. व्ही७०० व व्ही८५० या स्कॅनरांचा जाहीर आकडा ६४०० आहे. कसोटीपट्टीवर मोजलेला खरा तपशील सुमारे २३०० च्या आसपास भरतो. कूलस्कॅनच्या ४००० या आकड्यात मात्र असे अंतर फार थोडे आहे. घनतेच्या व्याप्तीचेही तसेच. कूलस्कॅन ५ साठी ४.२ आणि ५००० साठी ४.८ हे आकडे दिले जात. ते अनुक्रमे १४ व १६ बिटांच्या संख्येचे लॉगॅरिथम होत. म्हणजे ती गणिताने शक्य असलेली कमाल मर्यादा होती. सावल्यांत खरोखर काय वाचले जाते याचे ते मापन नव्हते.

खरे आकडे घेऊन हिशेब केला की निवडीचा प्रश्न आपोआप उलगडू लागतो. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटरची. २३०० च्या तपशिलाने ती वाचल्यास सुमारे ३२६० गुणिले २१७० बिंदू मिळतात, आणि इंचास ३०० या मानाने त्यांतून साधारण ११ गुणिले ७ इंचांचे चित्र निघते. ४००० ने वाचल्यास सुमारे ५६७० गुणिले ३७८० बिंदू, म्हणजे जवळजवळ १९ गुणिले १२½ इंचांचे चित्र. घरगुती मोठ्या प्रिंटरचा रूढ कागद १३ गुणिले १९ इंचांचा आहे. याचा अर्थ असा की सपाट काचेच्या स्कॅनरवर ३५ मिलिमीटर फिल्म वाचणाऱ्याने हा मोठा प्रिंटर घेतला तर कागदाचा निम्म्याहून अधिक भाग फिल्ममधून न आलेल्या, संगणकाने अंदाजाने भरलेल्या बिंदूंनी व्यापला जातो. उलट मध्यम आकाराच्या फिल्मवरील सुमारे ५६ मिलिमीटरची चौरस चौकट त्याच सपाट स्कॅनरवर वाचली तर सुमारे ५०७० बिंदूंची बाजू मिळते, आणि १७ इंच रुंदीचा कागदही तिला भारी पडत नाही. स्कॅनर तोच, फिल्म बदलली की तो अपुरा किंवा पुरेसा ठरतो.

हा मुद्दा मराठी घरांनाही लागू पडतो. भारतात तयार झालेला अग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा एके काळी येथील मध्यमवर्गात लोकप्रिय होता. त्यात १२० आकाराची फिल्म बसे व तिच्यावर सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे येत. ट्रंकेच्या तळाशी लिफाफ्यात राहिलेल्या अशा निगेटिव्ह बहुधा कृष्णधवल असतात. बडोद्याच्या, पुण्याच्या वा मुंबईच्या घरातील लग्नमुंजी, अंगणातली आजी, आता पाडलेला वाडा यांची तीच एकमेव नोंद असते. त्यांच्यासाठी दुर्मिळ झालेला कूलस्कॅन शोधीत बसण्याचे कारण नाही. त्या कॅमेऱ्याचे साधे भिंग जेवढा तपशील देऊ शकले, तेवढा सपाट स्कॅनर निश्चित वाचतो. अवरक्त किरणांची दुरुस्ती मात्र तेथे चालत नाही. म्हणून फिल्म मऊ ब्रशने वा हवेच्या फुंकणीने आधी स्वच्छ करणे हे यंत्राच्या किंमतीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

२०१० नंतरच्या पोकळीत छायाचित्रकारांनी स्वतःच एक तिसरा मार्ग काढला : डिजिटल कॅमेऱ्यास जवळून टिपणारे भिंग लावून प्रकाशित काचेवरील फिल्मचे छायाचित्र घेणे. निकॉनने २०१७ मध्ये डी८५० या कॅमेऱ्यात निगेटिव्ह उलटी करण्याची सोय ठेवली व त्यापाठोपाठ ईएस-२ हे फिल्म धरणारे जोडसाधन दिले. २०१८ मध्ये रंगीत निगेटिव्हचे रूपांतर करणारी निगेटिव्ह लॅब प्रो ही आज्ञावली आली. ज्या डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म स्कॅनरचा बाजार संपविला त्यानेच वाचनाचे काम हाती घ्यावे, हा या इतिहासातील लक्षणीय पालट आहे. परंतु या मार्गाने वाचनाची जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे आली. कॅमेरा फिल्मशी समांतर आहे किंवा नाही, प्रकाश एकसारखा आहे किंवा नाही, हे त्यानेच पाहावयाचे. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी मुखवटा हाही असाच कसोटीचा विषय. रंगद्रव्यांतील दोषांची भरपाई करण्यासाठी चाळिशीच्या दशकात योजिलेला हा थर मुळात एन्लार्जर आणि त्याचा कागद यांच्यासाठी होता. संगणकात तो काढून टाकताना मूळ रंग कोणते होते याचा निर्णय कोणीतरी करावाच लागतो. कूलस्कॅनमध्ये तो निर्णय निकॉनच्या अभियंत्यांनी आधीच केलेला असे.

लेखनयंत्राची निवड त्यामानाने सोपी झाली आहे, आणि हेही इतिहासाचेच फळ होय. भिंतीवर टांगावयाचे वा पुढील पिढीस द्यावयाचे चित्र असेल तर पिगमेंटची शाई. कृष्णधवल चित्रांचा भर असेल तर राखाडी शायांची संख्या पाहावी. अल्बमातील चकचकीत व गडद चित्रे हवी असतील तर विरघळलेल्या रंगाची शाई. टाकीत शाई ओतण्याची सोय असलेल्या, २०२१ मधील एप्सन ईटी-८५५० सारख्या यंत्रांनी चित्रामागील खर्च खाली आणला. त्यांतील रंगीत शाया मात्र विरघळणाऱ्या आहेत, हे विसरता कामा नये. महिनोन्महिने न वापरलेल्या प्रिंटरची सूक्ष्म छिद्रे वाळून बुजतात. वर्षातून दहा चित्रे काढणाऱ्याने प्रिंटर घेण्यापेक्षा चांगल्या मुद्रणशाळेकडे फाईल पाठविणे व तो पैसा वाचनावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे होईल.

सारांश, निवडीचा नैसर्गिक क्रम बाजाराने सुचविलेल्या क्रमाच्या उलटा आहे. बाजार प्रथम प्रिंटर दाखवितो, कारण तेथे नवे काही दाखविण्यासारखे आहे. इतिहास सांगतो की प्रथम फिल्मचा आकार पाहावा, मग चित्र केवढे हवे ते ठरवावे, त्यावरून खऱ्या तपशिलाचा आकडा काढावा, त्या आकड्यास पुरेसे वाचन ज्याने होईल ते साधन घ्यावे, आणि प्रिंटरचा विचार सर्वांत शेवटी करावा. २००० साली नारिंगी पडलेली चित्रे पुन्हा काढता आली, कारण त्यांच्या निगेटिव्ह शाबूत होत्या. जेथे स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून दिल्या गेल्या, तेथे त्या काळच्या वाचनाची मर्यादा हीच त्या चित्रांची कायमची मर्यादा झाली. कोणतेही यंत्र घेतले तरी वाचून झालेली फिल्म कोरड्या जागी, चांगल्या लिफाफ्यात, तारीख घालून पुन्हा ठेवून देणे, हे या निवडीतील अखेरचे आणि सर्वांत स्वस्त काम होय.